भोचक काकूचा पार्ट

साताऱ्यात आठवडाभर मी लोकांची गुपितं ऐकते आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवर गुपितं फोडते. घाबरू नका, स्टेजवरची गुपितं नाटकातली असतात. पेशाने मी मानसशास्त्रज्ञ. आमच्या हौशी मंडळात मात्र वीस वर्षं मला एकच पार्ट मिळतो, गल्लीभर भानगडी सांगत फिरणारी भोचक काकू. नायिका करायचं वय होतं तेव्हाही काकूच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्याकडे एक निवृत्त सुभेदार यायचे. म्हणजे बायको आणून बसवायची. (हे लिहायला त्यांची परवानगी आहे. मिशी तेवढी खरी ठेवा म्हणाले.) चार मंगळवार त्यांनी ऊस, पाऊस आणि "समदं बेस हाय" यापलीकडे तोंड उघडलं नाही. पाचव्या मंगळवारी उठता उठता मनातलं एकच वाक्य बोलून गेले आणि दारातच थबकले. म्हणाले, "ह्ये भाईर जायाचं न्हाई न्हवं?" नाही म्हटलं. विश्वास बसलेला काही दिसला नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी रहिमतपूरजवळच्या एका गावात जत्रेचं नाटक होतं. जत्रेत लिहिलेले संवाद गेले उडत, पुढच्या रांगेतल्या माणसांची खेचायची असते. ज्याची खेचली नाही तो रुसतो. म्हणून आम्ही दुपारीच चहाच्या टपरीवर बसून गावची खबरबात काढून ठेवतो.

मी भलतीच रंगात आले होते. सरपंचांचं झालं, डेअरीच्या चेअरमनचं झालं, लोक हसून लोळत होते. तेवढ्यात नाटकात माझ्या शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंनी पहिल्या रांगेतल्या एका मिशीकडे बोट दाखवून विचारलं, "आन् ह्या फौजीचं काय गं?"

मिशी सुभेदारांची होती. त्यांचं गाव हेच, हे मला आधी आठवू नये? आख्खा मांडव माझ्या तोंडाकडे बघत होता. सुभेदारही बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायकोला घाबरतात, असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण माझ्या तोंडून काहीही निघालं असतं तरी हा माणूस पुन्हा कुणापाशीच बोलला नसता.

"त्यांचं मला काय बी ठावं न्हाई," मी म्हणाले.

भोचक काकूला ठाऊक नाही! कुणी हसलं नाही. पुढचा प्रवेशही त्यातच गारठला. नंतर दिग्दर्शकांनी मला सगळ्यांसमोर झापलं, वीस वर्षांत इतकी सोपी जागा कुणी घालवली नव्हती म्हणे. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून मी उलट त्यांच्यावरच खेकसले.

मंगळवारी सुभेदार येणार नाहीत असंच धरून चालले होते. आले, आणि पहिल्यांदाच एकटे. बसल्या बसल्या मिशीला पीळ दिला.

"मॅडम, परवा समद्या गावापुढं माझ्यापायी खोटं बोललासा. तुमचं नाटक पडलं न्हवं?"

पडलं, म्हटलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर बोलले, मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाहीत. काय बोलले म्हणता? मला काय बी ठावं न्हाई.