बावखलात तरंगणारा कप

माझी लेक दीड वर्षाची असताना माणिकपूरच्या एका दुकानातून मी तिला दोन कानांचा पिवळा कप आणला. झाकणाला चोच, आत रबराची पडदी. उलटा धरा, आपटा, थेंब सांडत नसे. त्याआधी तिला पाणी पाजायला कुणीतरी मांडीवर घेऊन बसायचं. कप आला आणि ती तो घेऊन गिरीज गावातल्या आमच्या वाडीभर फिरू लागली.

एका दुपारी मी मिक्सरवर खोबरं वाटत होते. ती सासऱ्यांजवळ असेल असं मी धरून चालले होते. मिक्सर बंद केला, तर ते दारात एकटेच उभे.

"बाय कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे नाही?"

आम्ही हाका मारत केळींमधून धावलो. वाडीच्या टोकाला आमचं बावखल आहे, शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. त्यात पिवळा कप तरंगत होता.

सासरे कपड्यांसकट आत उतरले. छातीएवढ्या पाण्यात, पायांनी चिखल चाचपत पुढे सरकू लागले. पाय कशाला अडला की थांबत, वाकून हात खाली घालत. एकदा काहीतरी जड वर ओढलं. कुजलेली झावळी होती.

"तू घरात जा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी काठावरच उभी राहिले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मावशींची हाक आली, "अगं, पोरगी माझ्याकडे आहे!"

लेक त्यांच्या कडेवर होती, हातात पावाचा तुकडा.

"काठावर बसून कपासाठी हात लांब करत होती," मावशी म्हणाल्या. "तुला किती हाका मारल्या, पण मिक्सर चालू. मग उचलूनच नेली, पाय धुतले."

हात लांब करत होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

सासरे अजून पाण्यातच, आमच्याकडे पाठ करून.

"बाबा, या ना वर."

"येतो," ते म्हणाले, पण बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने बावखलाभोवती जाळी ठोकली. लेक आता शाळेत जाते, पोहायलाही शिकतेय. तरी घरात ती गप्प झाली की माझं हातातल्या कामावरचं लक्ष उडतं आणि मी हाक मारते.

"काय गं आई?" ती वैतागते.

"काही नाही," मी म्हणते.