सव्वीसच्या जागी चोवीस

हे मी अजून कुणापुढे बोललेले नाही. ह्यांच्यापुढे नाही, पुण्याच्या बहिणीपुढे नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट बाजूला ठेवूनच जोडते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी माझ्याबद्दल. न्यू जर्सीत एका औषधांच्या कारखान्यात मी गोळ्यांची वजनं तपासते, गेली चौदा वर्षं. फरक दिसला की अख्खी बॅच बाजूला काढते, मग मॅनेजर कितीही तडफडू दे. घरीही तेच. मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांचा भात माझ्या मापाने लागतो, आणि तो कमी पडत नाही की उरत नाही. मंडळातली मुलं मला पाठीमागे ‘मोजपट्टी काकू’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि — खरं सांगू? — आवडतं. हे बढाई म्हणून सांगत नाही. याच नावाच्या आड मी लपले, म्हणून सांगते आहे.

माझी मुलगी स्वाती. चौदा वर्षांची असताना ती गावच्या ड्रम कोअरमध्ये गेली. म्हणजे ढोल, बिगुलं आणि त्यांच्यापुढे झेंडे फिरवणाऱ्या मुलींचं पथक — त्याला कलर गार्ड म्हणत. साताऱ्याला शाळेत मी लेझीम खेळलेली बाई. पहिल्या दिवशी मैदानावर ते ढोल एकदम वाजले आणि पार्किंग लॉटमध्ये उभ्या उभ्या माझ्या पायांनी ठेका धरला. स्वातीने लाजून तोंड फिरवलं. आता ते पथक राहिलं नाही, दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. मंडळात कुणी त्या दिवसांची आठवण काढली की सगळे म्हणतात, काय मजा होती नाही? मीही मान हलवते. मला तर सगळं आठवतं — गडद लाल अंगरखा, पाठीवर लांब चेन, कमरेला साटिनचा पट्टा, पांढरे हातमोजे, टोपीवरचा तुरा. पण त्या आठवणीत पाऊल टाकलं की दार मागून बंद होतं, आणि आत मी आणि एक कार्ड, एवढंच उरतं.

कार्डाचं सांगते.

पथक सांभाळणाऱ्या बाईंचं नाव डॉटी. पन्नाशीच्या होत्या, लहानपणी स्वतः याच पथकात होत्या. स्वतःचा जुना अंगरखा त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या आणि नव्या मुलींना हात लावू द्यायच्या, तोही हात धुऊन आल्यावर. त्यांची एक जुनी रीत होती. मुलींच्या अंगरख्याखालच्या घागऱ्यांची लांबी कमरेपासून मोजायची नाही, जमिनीपासून मोजायची. मुलगी उंच असो की बुटकी, कड जमिनीपासून सारख्याच उंचीवर हवी, म्हणजे लांबून बघणाऱ्याला एकच सरळ रेघ दिसते. मला ही रीत इतकी पटली की मी आपणहून गुडघ्यांवर बसून मोजायला लागले. पुढच्या वर्षी डॉटींनी सगळीच मापं माझ्याकडे सोपवली. चोवीस मुली, प्रत्येकीचं एक कार्ड, प्रत्येक माप दोनदा.

ते ब्याऐंशी साल. स्वाती पंधरा पूर्ण. त्या उन्हाळ्यात पथक सात आठवडे दौऱ्यावर जाणार होतं. बसने प्रवास, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, गावोगावी स्पर्धा. बिगुलवाली मुलंही बरोबर.

हे म्हणाले, “जाऊ दे गं. डब्यात घालून ठेवणार आहेस का तिला?”

मी हो म्हटलं. मंडळातल्या बायकांनी मला धाडसी ठरवलं. आता नाही कशी म्हणणार? स्वाती महिनाभर माझ्या गळ्यात पडत होती. नाही म्हटलं असतं तर ते हात सुटले असते, आणि तेवढी माझी छाती नव्हती. दौऱ्याची भीती वाटत होती, हे खरं. पण सगळं खरं नाही. त्या मुलींमध्ये ती ज्या आवाजात हसायची, तो आवाज घरी कधी येत नसे. मला ते बघवत नव्हतं. झालं, म्हटलं एकदाचं.

मार्चमध्ये तिचं माप मी स्वयंपाकघरात घेतलं. ती हात वर करून उभी. कंबर साडेसव्वीस. पुन्हा मोजली, साडेसव्वीस. कार्डावर मी साडेचोवीस लिहिलं.

चुकून? नाही. माझा विचार एवढाच, की गणवेश तिला होणार नाही, ती घरी राहील, आणि मला नाही म्हणावं लागणार नाही.

दौऱ्याला नऊ दिवस असताना गणवेश आले. चर्चच्या हॉलमध्ये मुली अंगरखे चढवत होत्या. स्वातीची चेन कमरेपाशी अडली. एका मुलीने ओढली, मग दोघींनी. तिने पोट आत घेतलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

“आई, इट वोन्ट झिप.”

डॉटींनी कार्ड काढून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं. पण त्या स्वातीला हळूच म्हणाल्या, तुझ्या आईची मापं चुकत नाहीत गं, राणी. या वयात मुली वाढतात.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य. ते तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात डॉटींनी विचारलं, शिवण उसवून वाढवता येईल का? मी म्हटलं, आत कापड सोडलेलं नाही. तेही खरंच होतं. पण त्याच लाल कापडाचा दीड वार तुकडा माझ्या कपाटात होता, झेंड्यांच्या कामातून उरलेला. एका संध्याकाळचं काम. तो मी तिथेच राहू दिला. लोरी नावाची एक राखीव मुलगी होती, बारीक. तिला अंगरखा व्यवस्थित बसला. स्वातीने स्वतःच्या हाताने तिला पट्टा बांधला.

गाडीत ती रडली नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, “मार्चनंतर मी दोन इंच वाढले?”

मी म्हटलं, “होतं असं.”

त्या रात्री ती जेवली नाही. पुढे एक पोळी खायची, मग अर्धी. श्रीखंडाची वाटी तशीच परत यायची. फ्रिज उघडून उभी राहायची आणि बंद करायची. ऑगस्टपर्यंत दोनदा तिची पाळी चुकली. डॉक्टरांनी विचारलं, नीट खाते ना? मी म्हटलं, खाते. मुलगी माझ्या घरात होती, सातही आठवडे. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी ते रोज ताटावर बघत होते.

का सांगितलं नाही? आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग शाळा सुरू झाली. मग कॉलेज. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड झालं, आणि घरात तर सगळ्यांचा विश्वास, की आई आकड्यात चुकत नाही. मीच बांधलेलं होतं ते. बाहेर पडायला फट ठेवली नव्हती.

या वर्षी भाचीचं पुण्याला लग्न होतं. तिकडच्या शिंप्याला ब्लाउजची मापं कळवायची होती. स्वाती आता बावीसची. त्याच स्वयंपाकघरात हात वर करून उभी राहिली आणि मी फीत लावताच तिने पोट आत घेतलं. सवयीने.

“दोन इंच जास्तच लिही हं,” ती म्हणाली. “ऐन वेळी मी वाढते. तुला माहितेय ना माझं.”

छातीखालचा घेर फितीवर सत्तावीस होता. दोनदा मोजला. मग मी एकोणतीस लिहिलं.

लग्नाच्या सकाळी ब्लाउज तिला ढगळ झाला. आरशासमोर उभी राहून तिने मागचं कापड चिमटीत धरलं आणि हसली — त्या मुलींमध्ये हसायची तशी, सात वर्षांनी.

“आई, बघ! सैल!”

मी तिच्या पाठीमागे उभी होते, पिना लावायला. तोंडात चार पिना होत्या. चारही लावून झाल्या, तोंड मोकळं झालं, तरी मी काही बोलले नाही.