मी सूर खाली केला

दादा आणि मी पहिल्यांदा लोकांसमोर एकत्र गायलो ते आईच्या तेरवीला. ठरवलं काहीच नव्हतं. दर्यापूरहून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. दुपारी भजनी मंडळ यायचं होतं, पण त्यांचा पेटीवाला तापाने पडला आणि मंडळ आलंच नाही. मंडपात माणसं नुसती बसून होती. दादा घरात गेला, खुंटीवरची बाबांची खंजिरी आणि त्यांचीच जुनी पेटी घेऊन आला आणि मला म्हणाला, "बस वं पेटीवर. आईचीच गानी म्हनू."

आईची गाणी जात्यावरची. आमच्या लहानपणीच गावात चक्की आली होती, पण आई कापूस वेचताना, डाळ निवडताना ती म्हणायची आणि मधूनच आपल्या ओळी घालायची. 'वावर झालं पांढरं, माय, वेचनी लागली. लेक माही दूरदेशी, नजर वाटेले लागली.' त्या दिवशी आम्ही अशी सात-आठ गाणी म्हटली. बायका रडल्या. मी रडले नाही, कारण पेटीवर बोटं नीट पडतात की नाही याचीच मला धास्ती होती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावी शेती बघायचा. मी लग्न होऊन अमरावतीला आले होते आणि एका शाळेच्या कार्यालयात कामाला होते. दादाचा आवाज उंच, जरा खरखरीत, शेवटच्या अक्षरावर थोडा हलणारा. माझा आवाज बाईच्या मानाने जाड. त्यामुळे दोन्ही आवाज मध्येच कुठेतरी भेटायचे आणि मागे बसलेल्यांना कळायचं नाही की आता कोण गातंय. दादाचा श्वास कमी पडला तर ओळ मी उचलायची. माझे शब्द चुकले तर तो खंजिरी जोरात वाजवून ते झाकायचा. एकमेकांना कधी सांगावं लागलं नाही.

त्या तेरवीचं गाणं कुणीतरी मोबाइलवर टाकलं आणि आम्हाला बोलावणी येऊ लागली. अचलपूर, तिवसा, मूर्तिजापूर. लग्नात लोक डीजे लावत. आम्हाला बोलावत ते माणूस गेल्यावर. दहा-बारा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या दारातल्या मंडपात बसून गायलो. समोर हार घातलेला फोटो, बाजूला स्वयंपाकाचा धूर. दादा म्हणायचा, "आपलं गानं जेच्यासाठी, तोच आयकाले नसते."

दादा खर्रा खायचा. आमच्याकडे कोण खात नाही? पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देतात, तो त्याच्या गालात सकाळपासून असायचा. गायला बसण्याआधी तो थुंकून चूळ भरायचा आणि उठल्याबरोबर दुसरा खर्रा तोंडात टाकायचा. कार्यक्रमाच्या गावी उतरल्यावर कितीदा तरी मीच त्याला तो आणून दिला आहे.

तिवस्याला एका गुरुजींच्या तेरवीत त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. वरच्या सुराला गेला आणि तिथे आवाजच नव्हता. मी लगेच ओळ उचलली. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतताना एसटीत मी विचारलं, "काय झालं होतं रे?"

"धूळ गेली घशात."

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळी मी न विचारताच सूर खाली घेतला. आम्ही काळी चारमध्ये गायचो, मी तिच्याखालची पांढरी पाच धरली. दादाने एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं आणि गायला लागला. एवढी वर्षं सुरात बसलेल्या माणसाला ते कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही. काही महिन्यांनी मी आणखी खाली, काळी तीनवर आले. वरच्या ओळी सगळ्या माझ्याकडे आल्या, त्याच्याकडे ध्रुवपद राहिलं. लोक म्हणायचे, "दादाचा आवाज आता मुरला."

असं दीड वर्ष चाललं. मग अचलपूरला एका दुपारी त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तो खंजिरी वाजवत राहिला, मी एकटीने सगळी गाणी म्हटली. कार्यक्रम संपल्यावर त्या घरची म्हातारी माझे हात धरून म्हणाली, "तुया भावाले लय भरून आलं बाई, गाताच नाई आलं त्याले." मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला अमरावतीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळीतून घसा पाहिला आणि विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

"महिना झाला असन," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. म्हणाले, "दीड वर्ष झालं."

दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तेव्हाच आला असतात, तर नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागलं असतं कदाचित."

ऑपरेशन अकोल्याला झालं. स्वरयंत्र काढलं आणि गळ्याला समोरून भोक ठेवलं. त्यातूनच श्वास. वहिनी त्या भोकातली नळी साफ करायला शिकली. मी शिकायला गेले, तर दादाने हाताने मला बाजूला केलं. आठव्या दिवशी त्याने वही मागितली आणि लिहिलं, 'तुले माईत होतं त मले काहून नाई सांगतलं?'

"मले वाटलं, बरं होऊन जाईन," मी म्हणाले.

हे खोटं होतं. पहिल्यांदा मी भीतीने गप्प बसले, तेवढं खरं. पण नंतर वरच्या ओळी माझ्याकडे आल्या आणि लोक मला शोधत येऊ लागले. माझा नंबर मागू लागले. एवढी वर्षं मी 'दादाची बहीण' होते. मला ते आवडायला लागलं होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्याने वही मिटली. घरी गेल्यावर चार महिने त्याने मला एक मेसेजही केला नाही. मी गावी जायचे, तो उठून वावरात निघून जायचा. मी वहिनीजवळ बसून चहा प्यायचे आणि परत यायचे.

मग दर्यापूरचं एक बोलावणं आलं. ते मी दादाला कळवलं, नेहमीसारखं उत्तर येणार नाही असं धरून. 'येतो' एवढंच आलं. तो मानेला पांढरा रुमाल बांधून आला आणि माझ्या डावीकडे, त्याच्या जागेवर बसला. पहिलं गाणं चांगलं झालं. हात तेच होते, ठेका तोच. दुसऱ्या गाण्यात लय वाढली आणि त्याला श्वास पुरेना. रुमालाखालून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग खोकला, मग रुमाल ओला झाला. पुढे बसलेल्या बायका मागे सरकल्या. एकीने पदर नाकाला लावला. मी थांबले, तर त्याने खंजिरीची किनार माझ्या पेटीवर आपटली. म्हणजे, चालू ठेव. मी गात राहिले. गाणं संपवूनच त्याने खंजिरी पिशवीत घातली.

परतीच्या जीपमध्ये त्याने मोबाइलवर लिहून मला दाखवलं. 'मानसं मले पाहून रायले होते. गानं कोनी आयकतच नोतं.'

त्यानंतर तो वाजवायला बसला नाही. मला एकटीला बोलावणी येत होती. मी एक स्वीकारलं, जाऊन आले, पुन्हा गेले नाही.

पुढच्या वर्षी दादाच्या मानेत गाठी आल्या. अकोल्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. शेवटचे दोन आठवडे मी रजा काढून गावी राहिले. तेव्हा त्याने मला नळी साफ करू दिली. माझ्याकडे बघायचा नाही, छताकडे बघायचा. एका सकाळी वहिनी पाणी तापवत होती, मी उशाशी बसले होते, आणि तो गेला. शिट्टी थांबली तेव्हा मला आधी वाटलं, त्याला झोप लागली.

तेरवीला गाशील का असं मंडळाने विचारलं. मी नाही म्हटलं.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी वहिनी आणि मी मागच्या अंगणात त्याचे कपडे धूत होतो. तिने एक सदरा पिळून दोरीवर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मले त तुमच्या बी आधी माईत होतं."

"काय?" मी विचारलं.

"सकाळी तोंड धुताना रक्त पडे. मोरीत म्या पायलं. कोनाले सांगू नको म्हनून मले शपथ घातली त्याइनं. मंग मले बी वाटे, गानं बंद झालं त हा मानूस घरात काय करन?"

"मंग चूक माही एकटीची नाई, हे तुमी त्याले सांगतलं का? दवाखान्यातून आल्यावर?"

"नाई सांगतलं." तिने दुसरा सदरा उचलला. "त्याइचा राग तुमच्यावर होता. म्या तो तथीच राहू देला. मले त त्याइच्यासंगं राहाचं होतं."

मला राग आला, खूप आला. तीन वर्षं मी एकटीनेच ते ओझं वाहत होते. तोंडाशी आलेलं बोलायला मान वर केली तर ती साबणाच्या हाताने चेहरा पुसत होती आणि फेस डोळ्यात जात होता. मी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिला दिलं. तिने डोळे धुतले. मग आम्ही उरलेले कपडे धुतले.

मी अजूनही महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. ती ज्वारीची भाकर करते, आम्ही सोबत जेवतो, पिकाचं बोलतो, शाळेचं बोलतो. त्याबद्दल पुन्हा आमच्यात एक शब्दही झालेला नाही. साडेचारची बस पकडायची म्हणून मी उठते, ती फाट्यापर्यंत सोबत येते आणि बस दिसली की म्हणते, "येजा ताई." मी हो म्हणते आणि चढते.