मिरवणूक वळली तेव्हा

पवनीच्या बस स्टँडवर बाबांनी माझी पेटी नागपूरच्या गाडीत चढवली, खिडकीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोचली का फोन करजो." मी गाडी सुटेपर्यंत मान फिरवून बसले. मोहल्ल्यातल्यांनो, तुम्हाला वाटलं पोरगी नोकरीसाठी पुण्याला गेली. नोकरी नागपुरातही मिळाली असती. मी रागानं गेले.

राग जयंतीच्या मिरवणुकीचा. तुम्ही सगळे होतात. जमीनवाल्यांच्या मोठ्या गल्लीतून जायची परवानगी त्या वर्षी पहिल्यांदाच मिळाली होती. कागद बाबांच्या खिशात होता, कारण समितीचे अध्यक्ष तेच. निळा झेंडा माझ्या हातात, सगळ्यांच्या पुढे. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसलेल्यांपैकी एक जण नुसता उठून उभा राहिला. बाबांनी हात वर केला आणि मिरवणूक तळ्याच्या बाजूला वळवली. मला कुणी सांगितलं नाही. मी वीसेक पावलं आत गेले, ढोल लांब गेल्यासारखा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर मागे कुणीच नाही. ओट्यावरचे हसले. त्यांच्यासमोरून झेंडा घेऊन एकटीनं परत यावं लागलं.

घरी मी विचारलं, रस्ता मोकळा होता, मग फिरलात कायले? बाबा म्हणाले, "मिरवणूक एका दिवसाची रायते, बाई. रोवणा त्याईच्याच बांधीत करा लागते." खरंच होतं ते. आई आणि मोहल्ल्यातल्या तुम्ही बाया पावसाळाभर त्यांच्याच शेतांच्या चिखलात धान रोवत वाकलेल्या असायच्यात. खरं होतं म्हणून तर जास्त चीड आली.

आता मी पुण्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. परवाचा धडा अचानक दिशा बदलण्याच्या किंवा माघार घेण्याच्या क्रियापदांचा होता: टर्न बॅक, व्हीअर ऑफ, बॅक आउट, डबल बॅक. पुस्तकात मांजर आडवं आलं की सायकलवाला वळतो. एक माणूस नुसता उभा राहिला म्हणून अख्खा मोहल्ला वळतो, असलं उदाहरण कुठल्या पुस्तकात असणार? मी बाकं सरकवली, सगळ्यांना रांगेत चालायला लावलं आणि 'टर्न बॅक' म्हटलं. रांग वळली. सगळ्यात पुढचे, वॉचमनची नोकरी करून क्लासला येणारे काका मात्र आपल्याच नादात फळ्यापर्यंत गेले, वळून बघतात तर एकटेच. वर्ग हसला. मी इतकी ओरडले की बाजूच्या क्लासचे सर डोकावून गेले. हसता कसले, त्यांना सांगायचं काम तुमचं होतं, मी म्हणाले आणि क्लास तिथेच सोडला.

जिना उतरता उतरता बाबांना फोन लावला. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. वळलात ते वळलात, मला हाक का नाही मारली?

बाबा म्हणाले, "हाक मारली असती तं त्याईले समजलं असतं का मी भेवलो." आणि पुढे म्हणाले, "यंदा ये. मोठ्या गल्लीचा कागद काढला हाये. मी तुह्या मांगं रायतो."

म्हणजे स्वतःची लाज झाकायला लेकीला गल्लीत सोडलं. हे ऐकून राग उतरला नाही, वाढला. तरी तिकीट काढलं आहे. झेंडा मीच धरणार आणि वीस पावलांवर वळून पाहणार. बाबा मागे असले, तर त्या गावाला पुन्हा घर म्हणेन. नसले, तर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकटी चालेन आणि तिथूनच पुण्याची वाट धरेन.