जागा घेऊन राहिले

अकोल्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि मुलगी सोळा. ती नुकतीच दहावी झाली होती. मी ज्या तेलगिरणीत हिशेब पाहत होतो ती बंद पडायच्या बेतात होती. त्याच सुमारास पुण्यात, हडपसरच्या बाजूला, कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका कंपनीला सॉफ्टवेअर लिहिणारे तर हवे होतेच, पण त्यांचे पगार आणि कर सांभाळणाराही कोणी हवा होता. ते काम मला मिळालं.

मुलगी यायला तयार नव्हती. तिचा मामा अकोल्यातच राहायचा. "मला मामाकडे ठेवा, तुम्ही दोघं जा," असं तिने जेवताना शांतपणे सांगितलं.

"एकुलती एक पोरगी इथं ठेवून मी तिथं काय यांचे डबे भरत बसू?" बायको म्हणाली.

दोन दिवस घरात हाच वाद चालला. शेवटी तह झाला. मुलीने दिवाळीपर्यंत पुण्यात राहून बघायचं. नाहीच करमलं तर दिवाळीला आम्ही अकोल्याला येऊ तेव्हा ती तिथेच थांबेल. मामाने एका कॉलेजात विचारून ठेवलं होतं, मधूनही प्रवेश मिळणार होता. म्हणजे आमचं तिघांचं घर राहणार की दोघांचं, हे दिवाळीला ठरणार होतं.

पुण्यात जागा बघायला मी एकटा गेलो. बजेटमध्ये बसणाऱ्या दोन जागा निघाल्या. एक बिबवेवाडीत आणि एक मांजरीत. मांजरी माझ्या ऑफिसला जवळ होती. तिथे उसाच्या शेतांत नव्या इमारती निघत होत्या, भाडं कमी होतं आणि खोल्या मोठ्या होत्या. बिबवेवाडी दाटीची, पण मुलीला जे कॉलेज मिळण्यासारखं होतं ते तिथून एका बसवर होतं आणि सदाशिव पेठेतले क्लासही फार लांब नव्हते. मांजरीहून मात्र तिला जाताना दोन बस आणि येताना दोन बस. पाणी, भाडं, अंतर, बाजार, दवाखाना असे मुद्दे घेऊन मी दोन्ही ठिकाणांना दहापैकी गुण दिले. मुलीच्या प्रवासाचे गुण दुप्पट धरले. बिबवेवाडी थोडक्याने पुढे गेली.

बिबवेवाडीचे घरमालक निवृत्त गृहस्थ होते, खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी मला पाटावर बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो. मात्र त्याआधी मी एक फोन करीन. तेव्हा हो किंवा नाही, यापैकी एक शब्द सांगायचा. विचार करून कळवतो, हे उत्तर मी घेत नाही."

माणूस मला आवडला. स्वच्छ व्यवहार होता.

त्यांचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होतो आणि बायको शेजारी गेली होती. फोन मुलीने घेतला. संध्याकाळी ती म्हणाली, "पुण्याच्या काकांचा फोन होता. विचारत होते, जागेचं काय झालं. मी सांगितलं." तिने आपणहून त्या जागेविषयी काही बोलल्याची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं. उत्तर पोचलं असं धरून मी टेम्पो ठरवला.

टेम्पो बिबवेवाडीत पोचला तेव्हा दुपार होती. वरच्या मजल्यावरच्या आमच्या खोल्यांच्या गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. मालक बाहेर आले, टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपण? आपण तर जागा घेतली होती ना?"

"घेतली म्हणजे... हीच घेतली."

"तुमच्या कन्येने मला सांगितलं, बाबा जागा घेऊन राहिले. मी पुन्हा विचारलं, राहिले? तर म्हणाली, हाव काका, राहिले ना. आता राहिलेल्या माणसासाठी मी जागा कशाला अडवून ठेवू?"

मला कळायला क्षणभर लागला. आमच्याकडे 'घेऊन राहिले' म्हणजे घेत आहेत. जेवून राहिले, येऊन राहिले, वाचून राहिले. सगळं चालू असलेलं काम. पुण्यात त्याचा अर्थ, कुठेतरी जागा घेतली आणि राहायलाही गेले. मुलीने 'हो' म्हटलं होतं, मालकांना 'नाही' ऐकू आलं होतं.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग 'घेत आहेत' म्हणायचं. अक्षरं कमीच लागतात." मग ते मुलीकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एवढं मी नक्की सांगू शकतो. "काय गं, दहावीला मराठीत किती होते?"

तिला शाळेत मराठीत सर्वांत जास्त गुण होते.  तिने टेम्पोच्या फळीचा कोपरा धरला होता तो तसाच धरून ती उभी राहिली.

"असू दे," मालक म्हणाले. "चहा घेणार का?"

आम्ही चहा घेतला नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मी मांजरीला फोन लावला. तिथली जागा अजून रिकामी होती. टेम्पोवाल्याने जास्तीचे पैसे मागितले, ते बरोबरच होते. टेम्पोने स्वारगेट ओलांडलं. मग बायको म्हणाली, "यांनी गावांना मार्क दिले. आता गावांनी आपल्याला दिले."

मुलगी हसली नाही.

मांजरीच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. उसाच्या एका तुकड्यावर त्यांनी चार बिऱ्हाडांची इमारत बांधली होती. "पानी हाय, मोटर हाय, हीर हाय. काय काळजी न्हाई," त्या म्हणाल्या. मग मुलीला विचारलं, "कितवीला गं तू?" ती गप्पच. "पोरगी बोलत न्हाई व्हय?"

"थकली आहे," बायको म्हणाली.

पण ते थकणं नव्हतं. त्या दिवसापासून ती घराबाहेर बोलेनाशी झाली. हो, नाही, किती, एवढ्यावर काम भागवायची. वाण्याकडे पाठवलं तर चिठ्ठी लिहून न्यायची, म्हणजे तोंड उघडायला नको. एकदा भाजी आणायची ती चिठ्ठी मी पाहिली. तिच्यात 'कोथिंबीर' लिहिलेलं होतं. आमच्या घरात आजवर कोणी कोथिंबीर म्हटलेलं नव्हतं, आम्ही सांबार म्हणतो. पुण्यात कोणी भाजीवालीकडे सांबार मागितला तर ती हॉटेलचा रस्ता दाखवील, हे तिने आमच्याआधी ओळखलं होतं.

कॉलेजला दोन बस बदलून ती जायची. परत येताना हडपसरपर्यंत यायची आणि तिथून पुढची बस वेळेवर नसायची म्हणून मी तिला स्कूटरवर घ्यायला जायचो. सुरुवातीला ती एकटी उतरायची. घरी आली की आईशी मात्र बोलायची, आमच्याच बोलीत, भरभर, दिवसभराचं साठलेलं. मी वर्तमानपत्र धरून ऐकत बसायचो. त्यातून मला कळायचं की तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही ती उभी राहून गप्प बसली, किंवा एका मुलीने हाक मारली तरी तिने वळून पाहिलं नाही. बायको मला रात्री म्हणायची, "दिवाळी जवळ येऊन राहिली." मी दिवा मालवायचो. 

गणपतीनंतर काहीतरी बदललं. आता ती दोन मुलींबरोबर उतरायची. रस्त्याच्या पलीकडे स्कूटर लावून मी थांबायचो, म्हणून तिचे शब्द मला ऐकू यायचे नाहीत, पण हात हलताना दिसायचे. एके दिवशी रस्त्याचं काम चालू होतं म्हणून मला स्टॉपजवळच थांबावं लागलं.

"अगं पण जर्नल मी सगळं सबमिट केलंय," ती म्हणत होती. "मॅमना चालतंय. तू उगाच टेन्शन घेतेयस."

माझी मुलगी बोलत होती. घेतेयस, चालतंय, केलंय. ळ आणि ण दोन्ही अगदी जागच्या जागी. मी ओळखलं नसतं. आधी आनंद झाला, आणि मग लगेच भीती वाटली की आता मला तिच्या मैत्रिणींसमोर तोंड उघडावं लागणार.

"हे तुझे बाबा का? नमस्कार काका," एक मुलगी म्हणाली. "मांजरीला कुठे राहता तुम्ही?"

मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. राहिलो नको, हाव नको, पुस्तकातलं असावं. आणि म्हणालो, "उसाच्या संशोधन केंद्राच्या अलीकडे आमचं निवासस्थान आहे. आपण अवश्य यावं एकदा."

दोघी सोळा वर्षांच्या मुली. एकीने ओठ दाबून धरले. दुसरी अगदी गंभीरपणे म्हणाली, "काका, आपण रेडिओवर असता का?"

मुलीने स्कूटरचं मागचं सीट धरलं आणि बसली. कालवा ओलांडल्यावर तिने मागून विचारलं.

"बाबा, तुम्ही असं काऊन बोलले?"

"कसं?"

"आपण अवश्य यावं. माझ्या वर्गातल्या पोरी आहेत त्या. कलेक्टर आहेत का?"

"तुला लाज वाटू नये म्हणून बोललो."

"माझी लाज मी पाहून घेईन ना." थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा बोलली. वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं म्हणून मी वेग कमी केला. "मी दिवसभर तसं बोलते. जबडा दुखते माझा. घरी आली की सैल होते. तुम्हीपण तसंच बोलाल तर मी कुठं जाऊ?"

कुठं जाऊ याचं एक उत्तर तिच्याजवळ तयार होतं, ते मामाच्या घराचं होतं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मी स्कूटर चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी अकोल्याला जायची तीन तिकिटं काढली. "रिटर्न?" तिथल्या माणसाने विचारलं. "रिटर्न किती?" मागे एकदा मी दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर गृहीत धरलं होतं. "कळवतो," मी म्हणालो. "चांगल्या सीट जातील साहेब," तो म्हणाला. मला ते माहीत होतं.

मी तिला विचारलं नाही. बायकोनेही विचारलं नाही. आमच्यापैकी कोणीही विचारलं तर उत्तर इकडचं तिकडे होईल अशी दोघांनाही धास्ती होती. आठवडा असाच गेला. मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात सांबार निवडत बसली होती आणि तिथूनच म्हणाली, "परतीची तिकिटं काढली का?"

"तुझं कळल्याशिवाय कशी काढू?"

"मी सांगून राहिली ना. काढा."

"किती?"

"किती म्हणजे?"

"आकडा सांग," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण मला आकडा हवा होता.

"तीन," ती म्हणाली.

परतीला शेवटच्या रांगेतल्या सीट मिळाल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. इथे गोष्ट संपली असं मी तेव्हा समजत होतो.

अकोल्यात पहिल्याच दिवशी मामीने तिला आतून हाक मारली आणि ती म्हणाली, "आलेच, हे आवरतेय." मामाची दोन मुलं तिथेच पत्ते खेळत होती. थोरला पत्ते खाली टाकून हसायला लागला. "आवरतेय! काय पुणेरी बोलून राहिली बे ही!" धाकट्याने लगेच नक्कल केली, "मी जेवतेय, मी झोपतेय." मामीही हसली. मायेनेच हसली. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. बिबवेवाडीच्या मालकांच्या मनातही नव्हतं.

मुलगी हसली, पण त्यानंतरचे दिवस मी पाहत होतो. हो, नाही, किती. फराळ द्यायला शेजारी जायचं होतं तर तिने धाकट्याला पुढे केलं. त्या घरात ती राहायला येणार होती, त्याच घरात ती आता वाक्य तपासून बोलत होती.

निघायच्या दिवशी रिक्षात ती सगळ्यांच्या आधी बसली. आईची पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होती. मामा म्हणाला, "काय, पुणं आवडलं ना आमच्या पोरीला?" तिने मान हलवली.

शेवटच्या रांगेत गाडी फार हादरते. बायको झोपली. मुलगी खिडकीशी होती, मी मध्ये. तीन तिकिटं खिशात होती आणि तीन माणसं सीटवर होती, त्यात काही कमी नव्हतं. पण ती आमच्याबरोबर परत येत होती की फक्त तिथून निघाली होती, हे मला कळत नव्हतं.

"थंडी वाजून राहिली का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.