आठ दिवसांचा रिपोर्ट

संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी मूत्रपिंडाच्या पेशी वाढवते. जास्त साखरेच्या द्रवात ठेवलं की त्या चिवट तंतू तयार करू लागतात. मधुमेह्याचं मूत्रपिंड असंच आतून निबर होत जातं. निकाल फार चांगला आला की मी आधी बाटलीवरचं लेबल तपासते.

त्यामुळे घरी, देवबागला गेल्यावर बाबांचे रिपोर्ट बघून माझं डोकं फिरायचं. होडीतून पर्यटक फिरवणारा, मधुमेह जुना झालेला माणूस, आणि उपाशीपोटीची साखर दर वेळी इतकी शहाणी? मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारी लघवीची तपासणी मात्र ते कायम टाळायचे. जवळ बसलं की आल्याचा वास यायचा, म्हणजे जत्रेतला आलं-गुळाचा खाजा. होडीच्या इंजिनाच्या पेटीत पुडा सापडला तेव्हा आईनेच बिंग फोडलं. तपासणीआधी आठ दिवस भात, खाजा, गोड चहा बंद. रिपोर्ट आला की पुन्हा सुरू. वाडीत सगळे असंच करतात म्हणे.

"आठ दिस जीव मारलंय, रिपोर्ट बरो इलो. आणखी काय व्हया तुका?" बाबा उखडले. त्यांचे घोटे सुजलेले होते.

बाबांना सांगून आले होते तसं, पुण्याला परतल्यावर मी बरेच दिवस साखरेत ठेवलेल्या पेशी साध्या द्रवात हलवल्या. आठ दिवसांनी पाहिलं, तर तंतू बनायचे थांबलेच नव्हते. सहकारिणीने बाटल्या अदलाबदल केल्या असणार, असं मी धरूनच चालले. तिला न सांगता सगळं पुन्हा केलं. निकाल तोच. द्रवातली साखर उतरली होती, पण पेशी जुनं विसरल्या नव्हत्या. बाबांचे सुजलेले घोटे आठवले.

पुढच्या खेपेला होडीचा दोर गुंडाळता गुंडाळता त्यांनीच विचारलं, "तुज्या बशीतल्यो पेशी, साखर बंद केल्यार बऱ्यो झाल्यो?"

"झाल्यो," मी म्हटलं. निकाल खोटा सांगायची ती माझी पहिलीच वेळ.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी लेबलाकडे बघते तसं.

"माज्या रिपोर्टासारक्यो काय गो?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवता आलं नाही.

"रडा नको," त्यांनी दोर खाली ठेवला. "फाल्या सकाळीच लघवी तपासूक जावया. आठ दिस थांबाचा नाय."