डंकावरचं हिरवं पाणी

पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, भिंतीवरचं कॅलेंडर घासायचं आणि म्हणायचं, "बघा, खालनं हिरवं हाय."

आमच्या मंगळवार पेठेत चटणीचा डंक चालवणारी काकी दिवसातनं किती बी वेळा असं करायची. डंक म्हंजे मिरच्या कुटायचं यंत्र. त्याच्या भुकटीनं भिंत लाल, पत्रा लाल, काकीच्या भुवया सुदीक लाल. बायका शिंकून शिंकून बेजार, काकी मात्र शिंकायची न्हाई. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात केरळातलं जुनं शहर, अलेप्पी. रस्त्याच्या जागी पाणी, दारात बोटी. ते पाणी बी दुपारपातुर लाल व्हायचं, की मग काकीचा पदर.

तुमच्या गल्लीत बी असंल बघा अशी एक. स्वतः कोल्हापूर सोडून कुठं गेलेली नसती, पण सगळ्या जगाची वाट तिलाच ठाऊक.

मी लगीन होऊन राधानगरीकडनं आलो तवा सगळ्यालाच भ्यायचो. सासूला, फोनच्या घंटीला, रस्ता ओलांडायला. पाण्याला तर लईच. लहानपणी पुरात आमची नाव कलंडली होती, आज्जानं म्हशीची शेपूट धरून मला काठाला आणलं, तवापासनं मी घागर भरताना बी तोंड फिरवायचो. त्यात पोरगी झाली, मग काय, दोघींचं मिळून एकटीनं भ्यायचं.

"पोरी, तू यायचंस," काकी मिरच्या ओतता ओतता म्हणाली. "अलेप्पीला. दोन दिस. पाण्याच्या कडंनं हिंडायचं, जुन्या वखारी बघायच्या, पूल बघायचे, दुपारी बोटीत बसायचं, की परत."

"मी बोटीत न्हाई बसणार."

"मग काय काठावर बसून चपला राखणार व्हय?"

आमच्या सासूबाई, आत्ती म्हणतो आम्ही त्यांना, त्या मागंच उभ्या होत्या मिरच्या घेऊन. म्हणाल्या, "कॅनॉल बघायला एवढ्या लांब? आपल्या उसातनं जातोय की! तिथंच बसा पाय सोडून."

"वैनी, तुमच्या कॅनॉलात बैल धुत्यात," काकी म्हणाली. "ह्या कॅनॉलातनं माणसं बाजाराला जात्यात."

"मग आपल्या पोटाला भाकरी कुठल्या कॅनॉलानं मिळती?" आत्ती म्हणाल्या. पण न्हाई म्हणाल्या न्हाईत. मला वाटलं न्हाई म्हणतील, सुटलो. ते काय झालं न्हाई.

मग काकीचं ठरवणं सुरू झालं. दवाखान्यात केरळची एक सिस्टर होती, काकी तिच्याकडं सारखी काय ना काय दुखतंय म्हणून जायची. सिस्टरनं सुई उचलली की काकी म्हणायची, "टोच, पण आधी सांग, बोट हालती का?" सिस्टर हसायची, "थोडा थोडा, अम्मा." काकी दंड चोळत यायची आणि सगळ्या गल्लीला सांगायची, "थोडीच हालती, काय भ्यायचं न्हाई." मिरजेला गाडी बदलायची, एर्नाकुलमला उतरायचं, तिथनं मोटार, सगळं तोंडपाठ. सोबत भाकरी आणि चटणी. तिकडचा भात गोड असतोय म्हणं.

आणि एक दिस काकीनं चुना घेऊन गल्लीत बोट आखली. खरी न्हवं, रेघांची. टोकदार तोंड, मधी बसायच्या फळ्या. म्हणाली, "तालमीबिगर मैदान न्हाई. बसा गं."

बायका पिशव्या घेऊन बसल्या. येणारे जाणारे थांबायला लागले. सायकलवरचा एकजण म्हणाला, "काकी, बोट कुठं लागली?"

"आलास व्हय पावणं! तिकीट काढ, मग बोल."

मी चुन्याच्या रेघंजवळ पोरगीला कडंवर घेऊन उभी. खरं सांगतो, त्या कोरड्या बोटीत बी माझा पाय उचलंना. सगळी गल्ली हसली. काकी हसली न्हाई. शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली, "भ्या की, पण बसून भ्या."

मग मी बसलो.

रोज दुपारी डंक बंद झाला की तालीम. ऊन असायचं म्हणून आम्ही सगळ्या भिंतीच्या सावलीला, बोटीच्या डाव्या अंगाला सरकून बसायचो. त्यानंच घात केला. काकी आम्हाला रंकाळ्यावर खऱ्या बोटीत घेऊन गेली, तर सवयीनं सगळ्या बायका डाव्या अंगाला! बोट अशी कलंडली, नाववाला बोंबलला, "ओ मावशी, इकडं सरका, इकडं! जत्रंची बैलगाडी हाय का ही?" मी डोळे मिटून पोरगीला आवळलं. आणि माझं मनगट कुणीतरी एवढं गच्च धरलं, की बांगडी फुटली.

डोळे उघडले तर काकी. भुवया लाल आणि तोंड पांढरंफटक.

काठाला आल्यावर मी विचारलं, "काकी, तुम्ही भ्याला?"

"गप," ती म्हणाली. मग जरा चालून गेल्यावर हळूच, "तुला काय वाटलं, तालीम तुझ्यासाठी चाललीया?"

एवढं ठरवणं, एवढ्या सुया टोचून घेणं, सगळं का ते तवा कळलं मला.

गेलो आम्ही अलेप्पीला. पहिला दिस काकी पुढं, आम्ही मागं. ही वखार, हा पूल, जशी काय माहेरच तिचं. दुसऱ्या दिसी धक्क्यावर बोट आली, बायका चढल्या, आणि काकी पायरीवर बसली. म्हणाली, "जावा तुम्ही. मी चपला राखतो."

मी बी पायरीवरच थांबलो. काकीच बसंना, तर मी कशी? पण ती तिथं पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मला बघवंना. मी पोरगीला शेजारणीकडं दिलं, आधी आपण चढलो, बोटीच्या मधोमध उभी राहिलो आणि हात पुढं केला.

"काकी, बसून भ्या."

ती आली. शिव्या देत आली, पण आली. आम्ही दोघी मधल्या फळीवर, एकमेकीचं मनगट धरून. पाणी खरंच हिरवं होतं. बऱ्याच वेळानं काकीनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, तर त्यातनं चटणीचा लाल रंग सुटला आणि हिरव्या पाण्यात लांबपातुर गेला. काकी एवढी हसली, एवढी हसली, की बोट हालली. थोडीच.

काकी जाऊन साल झालं. ह्या उन्हाळ्यात चटणी कुटायला गेलो तर डंक दुसऱ्यानं घेतलाय. कॅलेंडर न्हाई. म्हणाला, फाटलं होतं, काढलं. सगळी भिंत लाल आणि मधी तेवढाच चौकोन पांढरा.

पोरगी आता शाळंत जाती. म्हणाली, "आई, हितं काय होतं?"

"पाणी," मी म्हणालो.

डंक सुरू झाला. भुकटी उडायला लागली, चौकोनावर बी बसायला लागली. पदराचं टोक मी बोटाला कवा गुंडाळलं, माझं मलाच कळलं न्हाई.